शेवटचं बाक

गेल्या रविवारी आठच्या मिस्सेत, फादरांनी भाकर उंचावली नेमक्या त्याच वेळी, धाकट्याच्या हातातून पाण्याची बाटली सुटली. बाटली स्टीलची, निळ्या झाकणाची, अर्धी भरलेली. आमच्या चर्चची फरशी नवी आहे आणि ती वेदीकडे किंचित उतरती आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सगळे गुडघ्यांवर, पंख्यांची घरघर सोडली तर चिडीचूप, आणि त्या शांततेत बाटली शेवटच्या बाकाखालून निघाली ती बाकांचे पाय चुकवत थेट पुढं. मध्येच थांबली. मला वाटलं, सुटले. पण ती नुसती वळण घेत होती. तेवढ्यात वेदीवरच्या मुलानं घंटी वाजवली आणि धाकट्यानं, वय वर्षं दीड, आपल्या मोजक्या शब्दांमधला सगळ्यात स्पष्ट शब्द खणखणीत आवाजात उच्चारला, "संपलं?"

वीसेक माना वळल्या. त्यात फादरांची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ते आपलं काम शांतपणे करत राहिले. वळून बघणाऱ्यांमध्येही प्रकार असतात. एक-दोन जणी हसून बघतात. काही जण नुसते आवाज कुठून आला ते बघतात, साप दिसला तरी असेच बघतील. आणि काही जणी असं बघतात की त्या नजरेचं सरळ मराठीत भाषांतर करता येतं: आम्हीपण मुलं वाढवली हो, पण असं नव्हतं कधी. ही नजर बायकांचीच असते. पुरुष वळून बघत नाहीत, कारण मूल रडलं की ते आपल्याला कुणी उचलायला सांगेल, ही भीती त्यांना गुडघ्यांवर असतानाही सोडत नसावी.

मिस्सा संपल्यावर अंगणात एका मावशींनी मला गाठलं. प्रेमळ बाई. धाकट्याचा गाल ओढून म्हणाल्या, "अगं, मुलं लहान आहेत तोवर घरीच थांबावं. देव काय रागावणार आहे का?"

मावशी चुकीचं बोलल्या नाहीत, हीच तर पंचाईत. 1992 साली आलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, 2181व्या परिच्छेदात, रविवारची मिस्सा चुकण्याची सबळ कारणं दिली आहेत, त्यात आजारपणाच्या जोडीला तान्ह्या मुलांची देखभाल बसवलेली आहे. शिवाय चर्चचा कायदा सात वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलांना लागूच होत नाही. म्हणजे कायद्यानं बघायचं तर त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसलेल्या आम्हा तिघांपैकी, दीड वर्षाचा तो, पाच वर्षांची ती आणि त्यांची आई मी, एकावरही चर्चला यायची सक्ती नव्हती. सक्ती होती ती फक्त माझ्या नवऱ्यावर. तो पुढं गायकवृंदात उभा राहून सुरेल गात होता.

मग आम्ही का येतो? पुण्य गाठीला बांधायला नाही, एवढं नक्की. धाकटा झाल्यापासून मी एकही प्रवचन सलग ऐकलेलं नाही. पहिलं वाचन सुरू होतं तेव्हा मी बिस्किटाचा पुडा आवाज न करता फोडत असते (फुटत नाही, कुणीही करून बघावं), दुसऱ्या वाचनाला थोरलीला शू लागते, आणि शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात तेव्हा मी खाली वाकून बुटाचा जोड शोधत असते. तरी येते, कारण मुलं श्रद्धा कानांनी शिकत नाहीत, डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी शिकतात. दारातल्या कुंडात बोट बुडवून कपाळापासून क्रूसाची खूण करायची, हे धाकट्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याची खूण कपाळावरून सुरू होते आणि पोटावर संपते. पण बोट बुडवायचं, हे त्याला कळलंय. ते घरी बसून, मोबाईलवर मिस्सा लावून कळलं नसतं. 2020 साली चर्चं बंद होती तेव्हा मिस्सा मोबाईलवर बघून झाली आहे. पहिले दोन रविवार आम्ही कपडे बदलून बसलो, तिसऱ्या रविवारी मी मिस्सा चालू असताना वाटाणे सोलले.

वसईत आम्हा कॅथलिकांची पिढ्यान् पिढ्यांची एक सोय होती आणि तिला कुणी सोय म्हणतसुद्धा नव्हतं. वाडीतल्या घरात माणसं भरपूर. पहाटेच्या मिस्सेला आजी आणि मोठी जाऊ, आठच्या मिस्सेला धाकट्या सुना. जी घरी राहील तिच्याकडे सगळी पोरं. रविवार पाळीपाळीनं चालायचा. त्याआधीच्या पिढीत तर मिस्सा लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 साली लोकभाषेला वाट करून दिली. त्याआधी आमच्या पणज्या मिस्सेत बसून आपापली जपमाळ ओढत आणि घंटी वाजली की मान वर करत. माझ्या थोरलीसारखंच, म्हणायला हरकत नाही. आता मराठी मिस्सा आहे, ती कळते, ऐकावीशी वाटते, म्हणून मूल रडलं की ती मोडल्यासारखी वाटते. हे मला समजतं. पण आता त्या वाडीतल्या घराच्या जागी इमारत आहे, धाकटी जाऊ विरारला राहते, सासूबाईंचे गुडघे गेलेत, आणि 'मुलांना घरी ठेवून ये' म्हणणाऱ्यांनी घरी कुणाकडे ठेवू, तेही सांगावं. सल्ला जुना आहे. तो ज्या घराच्या भरवशावर दिला जात होता ते घर राहिलेलं नाही.

काही ठिकाणी आता काचेची खोली केली आहे. तान्ही मुलं असलेल्या आयांनी आत बसायचं, आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आवाज स्पीकरवरून आत येतो. हेतू चांगला आहे आणि ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावं भिंतीवर आहेत. एकदा मीही एका परक्या चर्चमध्ये अशा खोलीत बसले. सहा आया, नऊ मुलं, एक फुटका फुगा आणि खरखरणारा स्पीकर. काचेपलीकडं फादर ओठ हलवत होते. आमच्यातली एक जण, आम्ही ओळखीच्याही नव्हतो, माझ्याकडं वळून म्हणाली, "मासळीबाजारात बसल्यासारखं वाटतंय ना?" मला वाटलं नव्हतं, मला विमानतळावर खोळंबल्यासारखं वाटत होतं, पण मी हो म्हटलं. त्या खोलीत कुणी गुडघे टेकले नाहीत. जागाच नव्हती.

रोमनं खरं तर याचा विचार बराच आधी करून ठेवलाय. 1973 साली व्हॅटिकननं मुलांसाठीच्या मिस्सांबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात म्हटलंय की फारच लहान मुलांना धर्मग्रामातल्या मदतनीसांनी मिस्सा होईस्तोवर वेगळीकडे सांभाळलं, तर शेवटी आत आणून सगळ्यांबरोबर आशीर्वाद देता येईल. मदतनीसांनी, हा शब्द बघा. आयांना मुलांसकट काचेत ठेवा, असं तिथं नाही. तेवढे मदतनीस आपल्याकडे निघत नाहीत, कारण मूल सांभाळणं ही आपल्याकडे सेवा धरली जात नाही. फुलांची सजावट ही सेवा आहे, गायन ही सेवा आहे, सणाच्या दिवशी रहदारी सांभाळणं ही सेवा आहे आणि तिच्यासाठी नारिंगी जॅकेटसुद्धा मिळतं. दुसऱ्याचं रडणारं मूल तासभर कडेवर घेणं ही मात्र हौस.

प्रवचनात मग संतांच्या आया येतात. आमच्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाचं नाव येतंच. 1597 साली नागासाकीला क्रूसावर मेलेला, 1862 साली संत झालेला, भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या आईचा उल्लेख प्रवचनात 'स्थानिक स्त्री' यापुढं सरकत नाही. आता नव्यानं फ्रान्सच्या झेली मार्टिनचं नाव ऐकू येऊ लागलंय. 2015 साली ती आणि तिचा नवरा लुई यांना एकत्र संतपद मिळालं, नवरा-बायको जोडीनं संत होण्याची ही पहिलीच वेळ. धाकट्या फुलाची, लिझ्यूच्या तेरेझाची ही आई. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली, स्वतःचा लेसचा धंदा, वयाच्या 45व्या वर्षी कर्करोगानं मृत्यू. आणि रोज पहाटे साडेपाचला मिस्सा! फादर इथं थांबून आमच्याकडं बघतात.

मी घरी येऊन वाचलं. झेलीच्या घरात कामाला बाई होती. तेरेझा झाली तेव्हा झेलीला तिला दूध पाजणं जमेना, तर पोर वर्षभर गावाबाहेर एका शेतकरणीकडे राहिली, तिच्या दुधावर वाढली. हे झेलीला उणं आणायला सांगत नाही. उलट मला ती त्या दिवशी पहिल्यांदा खरी वाटली. एका संताला वाढवायला एक संत पुरली नाही, एक गरीब शेतकरीण आणि एक मोलकरीण लागली, आणि पहाटे साडेपाचला मुलं झोपलेल्या घरात कुणीतरी जागं होतं. प्रवचनात हे कुणीतरी गळतं. ते आलं तर मला जास्त धीर येईल.

घरची गोष्ट निराळी. घरी कुणी वळून बघत नाही.

रात्री साडेआठला आमच्याकडे जपमाळ असते. सासूबाईंच्या राज्यात पाचही रहस्यं व्हायची, लितानीसकट, आणि पेंगणाऱ्याला चिमटा. आता आमचं एका रहस्यावर आलंय. त्यातही कुकरची तिसरी शिटी होते आणि गॅस बंद करायला कुणीतरी उठतं. सासूबाई मराठीत 'नमो मरिया' सुरू करतात, थोरली शाळेत शिकलेलं इंग्रजी उत्तरार्ध जोडते. अर्धी प्रार्थना एका भाषेत, अर्धी दुसरीत. मरियामातेकडून अजून तक्रार आलेली नाही. थोरली दहापर्यंत आकडे शिकली तेही जपमाळेच्या मण्यांवर. बालवाडीत बाईंनी विचारलं, दहानंतर काय येतं? ही म्हणाली, 'ग्लोरी बी'. बाईंना वाटलं, पोर हुशार आहे पण काहीतरी घोटाळा आहे.

शेवटी ज्याला जे मागायचं ते मागायचं. सासूबाई मागतात सगळ्यांचं आरोग्य. नवरा मनातल्या मनात मागतो, तो कर्जाचा हप्ता असावा. थोरली गेले तीन आठवडे एकच मागणं मागते आहे, बाथरूममधली पाल शेजारच्यांकडे जाऊ दे. आम्ही सगळे 'आमेन' म्हणतो. शेजारी आमचे चांगले आहेत, पण प्रार्थनेत खोट नको.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं. त्यातलं पाचवं, बारा वर्षांचा येशू सणाच्या गर्दीत हरवला आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला. एकदा तेच आलं. थोरलीनं मणी तसाच धरून ठेवला. "तीन दिवस? मग त्याच्या आईनं त्याला ओरडलं का?" सासूबाई म्हणाल्या, "छे, ती मरियामाता." मी लूकचं शुभवर्तमान काढलं. मरियेनं शास्त्री-पंडितांदेखत मुलाला जाब विचारलेला आहे, असं का वागलास, तुझे बाबा आणि मी जिवाची घालमेल होऊन तुला शोधत होतो. देवाच्या मंदिरात, मोठमोठ्या गुरुजींच्या मध्ये, एका आईनं आवाज चढवला. शेजारच्या बाकावरून कुणी मान वळवली का, ते लूकनं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं आणि आईवडिलांना मुलांचे पहिले उपदेशक. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या मिस्सेत आणि प्रत्येक बाप्तिस्म्याच्या तयारीवर्गात हे वाक्य आम्हाला ऐकवलं जातं. ऐकून छाती फुगते. पण मग त्या पहिल्या उपदेशकांपैकी निम्मीला, म्हणजे मला, वर्षानुवर्षं चर्चच्या पायरीवर, चपलांच्या राशीशेजारी मूल थोपटत उभं राहावं लागतं. निम्मी म्हणाले ते मुद्दाम. मूल रडलं की उठते ती आई. बाप उठलेला मी एकदाच पाहिला, एक तरुण गृहस्थ, मूल खांद्यावर टाकून सरळ बाहेर आले आणि वडाखाली येरझारा घालू लागले. पायरीवर उभ्या आम्ही चौघी जणी त्यांच्याकडं अशा बघत होतो की बिचारे घामाघूम झाले. मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, महिन्यातले दोन रविवार गायकवृंदाला सुट्टी. तो म्हणाला, मध्य सप्तकाला माणूस कमी आहे. मी म्हटलं, शेवटच्या बाकालाही.

त्यानं ऐकलं आहे. हा मजकूर छापून येईल तेव्हा एक रविवार होऊन गेलेला असेल.

ज्यांना वाटतं की मुलांच्या आवाजानं देवाघरचं पावित्र्य भंगतं, त्यांनी मार्कचा दहावा अध्याय पुन्हा वाचावा. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती येशूच्या मांडीवरच्या गोंडस मुलांच्या चित्रानं झाकून गेली आहे. मुलं आणणाऱ्यांना कोण दटावत होतं? परुशी नव्हे, रोमन शिपाई नव्हे. शिष्य. आपली माणसं, पुढच्या बाकावरची. येशू त्यांच्यावर रागावला, असं मार्क स्पष्ट लिहितो. मत्तयनं आणि लूकनं तो राग गाळला. पण लूकनं एक बारीक गोष्ट ठेवली. त्याच्या वृत्तान्तात आणलेली मुलं तान्ही आहेत. म्हणजे शहाणी, हात जोडून ओळीत उभी राहणारी नव्हेत. दूध ओकणारी, मुठीत दाढी धरणारी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2014च्या जानेवारीत सिस्टीन चॅपेलमध्ये बाप्तिस्मे देताना आयांना सांगितलं की बाळ भुकेनं रडत असेल तर संकोच न करता पाजा. वर छताला मायकेलअँजेलोची चित्रं, आणि खाली बाळं दूध पिताहेत. आमच्या चर्चच्या छताला पंखे आहेत. संकोच का करावा?

फार काही मागणं नाही. काचेची खोली पाडा म्हणत नाही, ज्यांना ती हवी त्यांना असू दे. पण आम्हाला शेवटचं बाक हे आपलं बाक वाटू लागलं आहे, ते सुटावं. लहान मुलं पुढं बसली तर जास्त गप्प राहतात, हा माझा अनुभव आहे. तिथं त्यांना घंटी दिसते, मेणबत्ती दिसते, फादरांचे बूट दिसतात. शेवटच्या बाकावरून फक्त पाठी दिसतात, आणि पाठींकडे बघून कोण गप्प बसेल? आणि मूल रडलं, तर रडू द्या दोन मिनिटं. माइक आहे, दोन्ही भिंतींना स्पीकर आहेत, आणि एवढं सगळं असून सोळा किलोंच्या आणि नऊ किलोंच्या दोन जिवांचा आवाज वरचढ होत असेल तर दोष त्यांच्या फुप्फुसांचा नाही.

त्या बाटलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ती तिसऱ्या बाकापर्यंत गेली. तिथं एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर होते, डोळे वेदीवर. त्यांनी नुसता पाय सरकवून ती अडवली. मान हलली नाही. पुढं शांतीचं अभिवादन आलं, सगळे एकमेकांना हात जोडू लागले, तेव्हा बाटली त्यांच्या हातून मागच्या बाकावर, तिथून त्याच्या मागच्या, अशी हातोहात परत आली, आणि देणारा प्रत्येक जण 'शांती असो' म्हणत होता. धाकट्यानं ती घेतली, झाकण चावलं आणि पुन्हा विचारलं, "संपलं?"

येत्या रविवारी आम्ही आठच्या मिस्सेला असू. बाटली तीच आहे, निळ्या झाकणाची. तुमच्या पायाशी आली तर अडवा आणि मागं द्या. वळून बघू नका.